हाताने घडवलेलं बॅसिनेट हेल्मेट: उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा अनुभव

२६ हजारांच्या बॅसिनेटचा, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या योद्ध्यांच्या धर्तीच्या पोलादी हेल्मेटचा, हनुवटीचा पट्टा ऐन झटापटीत तुटला, म्हणून हे लिहायला घेतलं. पोलादाला काहीही झालेलं नाही. पट्टा सुटताच हेल्मेट डोक्यावर फिरलं, डोळ्यांची फट कानाकडे गेली आणि मला दिसेनासं झालं. समोरच्याने हात आवरला म्हणून निभावलं. बुहुर्तमध्ये, म्हणजे चिलखत घालून बोथट शस्त्रांनी लढायच्या आमच्या खेळात, भोसकायला बंदी आहे, पण कुऱ्हाडीचा घाव डोक्यावर येतोच.

कारागीर उत्तराखंडातला. २ मिमी स्प्रिंग स्टील, हार्डनिंग-टेम्परिंग केलेलं (तापवून कडक आणि चिवट केलेलं), पुढची जाळी वर उचलता येणारी. मापं त्याने मन लावून घेतली: आतली कापडी टोपी घालून डोक्याचा घेर, कपाळ ते मागची बाजू, हनुवटी ते टाळू. निम्मे पैसे आगाऊ. माल सांगितल्यापेक्षा बराच उशिरा जळगावला पोचला, पण ठोकाई सुबक. वेल्डिंगची रेघ शोधूनही बोटाला लागत नाही.

सुरुवातीला माझी तक्रार वजनाची होती. साडेचार किलो मानेवर घेऊन आपल्याकडच्या मे महिन्यात सराव करून बघा. पहाटेही जीव गुदमरायचा, भोकं कमी ठेवलीत असं वाटायचं. ती तक्रार आता मागे घेतो. आमच्यातल्या एकाचं हलकं हेल्मेट प्रत्येक घावाला हलतं आणि त्याचं डोकं भणभणतं. माझं जागचं हलत नाही. आतलं अस्तर पत्र्यापासून दोन बोटं सुटं टांगलेलं आहे, त्यामुळे दणका थेट कवटीला बसत नाही. टाळूवर एक उथळ पोचा आहे, बस.

पण हे सगळं पट्ट्यावर अवलंबून! पट्टा सैल झाला की दोन बोटांचं ते अंतर कामाचं राहत नाही. आणि नेमका तिथेच पैसा वाचवलाय. पातळ चामडं, त्यात साधे लोखंडी रिव्हेट, खाली वायसरसुद्धा नाही. घामाने लोखंड गंजतं आणि झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं त्याच्याभोवती काळं पडून जळाल्यासारखं ठिसूळ होतं. माझ्या पट्ट्याला रिव्हेटभोवती काळं कडं पावसाळ्यातच दिसत होतं. कारागिराला फोटो पाठवले, तर म्हणे चामडं गॅरंटीत येत नाही, हेल्मेट पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. साडेचार किलोचं पार्सल दोन्हीकडून माझ्या खिशातून, तेही वीतभर चामड्यासाठी! फोनवर चांगलीच वाजली.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो होतो. तिथे घोड्यांच्या बाजाराला लागून खोगीर-लगामाची दुकानं असतात. एका म्हाताऱ्या बाबांना तुटका पट्टा दाखवला. त्यांनी तो नखाने दाबला, दुमडला, कडेचा चुरा बोटावर घेतला आणि म्हणाले, "हाई चामडं कच्चं शे, भाऊ." घोड्याच्या तंगासाठी वापरतात ते जाड, तेल पाजलेलं चामडं त्यांनी कापलं, दुहेरी शिवलं, पितळी बकल लावलं आणि तांब्याचे रिव्हेट खाली वायसर देऊन ठोकले. ३५० रुपये. तंग घोड्याच्या पोटाला घामातच आवळलेला असतो, त्यामुळे घाम काय करतो हे त्यांना सांगावं लागलं नाही.

त्या पट्ट्यावर आता जोरात सराव चालू आहे. बकल सरकत नाही, हेल्मेट फिरत नाही. सरावानंतर पट्टा ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवतो, अधूनमधून एरंडेल चोळतो. पत्र्याला मशीनचं तेल.

ऑर्डर देणाऱ्यांनी पत्र्याची जाडी विचाराच, पण रिव्हेट कशाचे आणि चामडं किती जाड, हे पैसे भरण्याआधी लिहून घ्या. मित्रासाठी दुसरं हेल्मेट मी याच कारागिराकडे सांगतोय, कारण असं पोलाद घडवणारा हात मला दुसरा माहीत नाही. फक्त पट्टा नको म्हणून कळवलंय. त्याचे किती कमी करणार, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.