पॉवर केबल, कंडिशनर आणि अर्थिंगचा खड्डा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ केळीच्या बागेला लागून आमचं घर. हॉलमध्ये क्लास एबीचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर), टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणि दोन बुकशेल्फ (छोटे) स्पीकर. गेल्या दिवाळीआधी मी ९,००० रुपयांची शिल्डेड पॉवर केबल आणि २२,००० रुपयांचा मेन्स कंडिशनर (विजेतला कचरा गाळणारा डबा) घेतला. कारण एकच होतं, स्पीकरमधून येणारी घरघर.

किशोरीताई आमोणकरांची रेकॉर्ड लावली की आलाप सुरू होण्याआधी, नुसता तानपुरा चालू असताना ती स्पष्ट ऐकू यायची. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे तिची घरघर ५० आणि १०० हर्ट्‌झवर उमटते. मंद्रातली पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) ९८ हर्ट्‌झला असते, म्हणजे ही घरघर तिच्यापेक्षा किंचित चढी. गायिकेचा षड्ज भलतीकडे आणि खाली ही अखंड बेसूर तार. ज्याला गाण्याचा कान आहे त्याला हे सहन होत नाही.

आधी केबलबद्दल. पहिल्या दिवशी मला आवाज खुललेला वाटला होता. महिनाभरानं भाच्याला अ‍ॅम्पमागे बसवलं आणि मी पाठ करून बसलो. त्यानं मनाला येईल तशी जुनी-नवी केबल लावायची आणि मी ओळखायचं. २० पैकी ११ वेळा बरोबर आलं, म्हणजे छापा-काटाच. डीपीपासून (रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंत साधी अ‍ॅल्युमिनियमची तार येते, भिंतीत दीड एमएमची वायर आहे, मग शेवटच्या दीड मीटरनं काय बदलणार? एक मात्र कबूल करतो, नव्या केबलचा प्लग घट्ट बसतो. आमचं जुनं सॉकेट सैल झालं होतं, आतून चर्रचर्र करायचं. ते काढून १६ अ‍ॅम्पिअरचं चांगलं सॉकेट बसवलं, तेव्हा जुन्या केबलवरही ती चर्रचर्र बंद झाली.

कंडिशनरची गोष्ट वेगळी. तो लावला आणि घरघर वाढली! अ‍ॅम्पच्या डब्याला उलटा हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या, त्याही वाढल्या. मी परत पाठवायच्या बेतात होतो. पण आमचा वायरमन आला, त्यानं मल्टीमीटरचे दोन टोक सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये घातले. मीटरवर ६२ व्होल्ट. इथे दोन-तीनपेक्षा जास्त दिसायला नको.

"भाऊ, तुमचं अर्थिंग तं कव्हाचंच मेलं," तो म्हणाला.

हे समजून घ्या, कारण विकणारे सांगत नाहीत. कंडिशनरच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात. विजेतला कचरा ते अर्थकडे ढकलतात. अर्थच नसेल तर तो कचरा जाणार कुठे? तो उपकरणाच्या डब्यावर चढतो, तिथून टर्नटेबलच्या वायरींत शिरतो आणि घरघर होऊन स्पीकरमध्ये येतो. काही जण अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढून टाकायला सांगतात. घरघर जातेही. पण आत कुठे फेज (विजेची जिवंत तार) डब्याला टेकली तर माणूस जाईल. असलं काही करू नका.

जुना खड्डा उकरला तर पट्टी गंजून तुटलेली. नवा खड्डा खणला, त्यात तीन मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती मीठ-कोळशाचे थर. सगळा खर्च ३,८०० रुपये. संध्याकाळी मीटर लावला तर १.८ व्होल्ट. रेकॉर्ड लावली, सुई खाली टेकली, आणि तानपुऱ्याखाली काहीच नव्हतं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "बंद पडलं का?" मग तिनं पहिला षड्ज ऐकला आणि दारातच थांबली.

कंडिशनरचं खरं काम त्यानंतर कळलं. फिरवायच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर पंखा मंद केला की स्पीकरमधून बारीक कर्र यायची, ती गेली. फ्रिज चालू-बंद होताना टक् व्हायचं, तेही गेलं. एवढ्यासाठी २२,००० द्यावेत का? पंखा-फ्रिज त्याच लाइनीवर असतील तर माझं उत्तर हो. पण त्याआधी रेग्युलेटर बदलून पाहा, ते स्वस्तात होतं.

कंडिशनर व्होल्टेज मात्र वाढवत नाही. आमच्याकडे अनेकांचा हा गैरसमज आहे. बागेच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे १८७ व्होल्ट येतात आणि कंडिशनरमधूनही १८७च बाहेर पडतात. एवढ्यावर अ‍ॅम्पची कमाल ताकद जवळपास एक तृतीयांशानं घटते, तबल्याचा बायाँ मोठ्या आवाजात फाटतो. उलट रात्री मोटारी बंद झाल्या की २५० च्या वर जातं आणि अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मरच गुणगुणतो. ही गुणगुण डब्यातून येते, स्पीकरमधून नाही. दोन्हींचा इलाज स्टॅबिलायझर. रिलेवाला प्रत्येक चढउताराला खट्ट करतो, म्हणून मी सर्वोवाला (छोट्या मोटारीनं व्होल्टेज सावरणारा) घेतला. पहिल्या पावसात वीज कडाडली की मात्र मी सगळे प्लग उपसून ठेवतो, कंडिशनरवर भरवसा टाकत नाही.

मे महिन्यात घरघर हळूच परत आली. तापमान ४५ च्या पुढे, जमिनीला बोट जाईल अशा भेगा. मीटरवर १४ व्होल्ट. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं की दोन दिवस ठीक, मग पुन्हा तेच. शेवटी बागेतल्या ठिबकची एक नळी खड्ड्यापर्यंत ओढली आणि तिला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर लावले. केळीला पाणी सुटलं की अर्थिंगलाही सुटतं. मे संपेपर्यंत मीटर २ च्या वर गेला नाही.