मुखपृष्ठ पाचव्या आवृत्तीचं, पोटात चौथी

एमटेकला डिजिटल कम्युनिकेशन असणाऱ्यांनी पुस्तक मागवण्याआधी हे वाचा. बीईवाल्यांनीही वाचा, कारण जुन्या आवृत्तीवर नवं कव्हर चढवून नकली प्रत विकायचा हा धंदा त्यांच्या पुस्तकांतही चालतो. मला टोपी घातली गेली ती प्रोआकिस या लेखकाच्या 'डिजिटल कम्युनिकेशन्स' या पुस्तकात.

आमच्या सरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं की पाचवीच आवृत्ती हवी, असाइनमेंटची गणितं त्यातल्या क्रमांकांप्रमाणे देणार. लायब्ररीतली प्रत संदर्भ विभागात, घरी नेता येत नाही. मग ऑनलाइन शोधलं. 'पाचवी आवृत्ती, नवीन, ओरिजिनल' असं ठळक लिहिलेलं, किंमत छापील किमतीच्या निम्म्याहून कमी, खाली भरपूर तारे. या ताऱ्यांची गंमत नंतर कळली. एकाच पुस्तकाच्या पानावर अनेक सेलर आपापल्या प्रती विकत असतात आणि रिव्ह्यू सगळ्यांचे मिळून एकत्र दिसतात. तारे प्रोआकिसला मिळालेले असतात, त्या सेलरला नाही.

पुस्तक प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून आलं. मुखपृष्ठ चकचकीत, त्यावर प्रोआकिस आणि 'सालेही' अशी दोन्ही लेखकांची नावं, 'फिफ्थ एडिशन' असा शिक्का. सुरुवातीचे तास प्रॉबॅबिलिटीची उजळणी करण्यात गेले. त्यानंतर सरांनी तिसऱ्या प्रकरणातली गणितं दिली. वर्गातली बाकीची मुलं क्यूएएम आणि पीएसके या मॉड्युलेशनच्या (माहिती सिग्नलवर चढवायच्या) पद्धतींचे सिग्नल मांडत बसली होती आणि माझ्या तिसऱ्या प्रकरणात डेटा आटोपशीर करायचं हफमन कोडिंग! क्षणभर वाटलं, सरच चुकले. मग शेजारणीची प्रत मागून घेतली आणि दोन्ही अनुक्रमणिका समोरासमोर ठेवल्या. पाचव्या आवृत्तीत तिसरं प्रकरण मॉड्युलेशनचं आहे, पंधरावं एकापेक्षा जास्त अँटेना वापरणाऱ्या सिस्टिम्सचं आणि सोळावं मल्टियुजर कम्युनिकेशनचं. माझ्या प्रतीत तिसरं सोर्स कोडिंगचं (हफमन त्यातलंच), पंधरावं मल्टियुजरचं, आणि तिथेच पुस्तक खलास. सोळावं प्रकरणच नाही. आतल्या शीर्षकपानावर नाव एकट्या प्रोआकिसचं. सालेही पाचव्या आवृत्तीपासून सहलेखक झाले, म्हणजे आतला माल सरळसरळ चौथ्या आवृत्तीचा. त्यावर पाचवीचं कव्हर चिकटवून मोकळे.

बरं, चौथी तरी धड असावी ना! तीही नव्हे. कुणीतरी मूळ पुस्तक स्कॅन करून पातळ कागदावर छापलेलं. समीकरणं आतल्या घडीत गेलेली, पुस्तक ताणून उघडलं तर पाठीचा गोंद कडकडतो आणि पानं हातात येतात. अक्षरांवरच्या टोप्या आणि नागमोडी खुणा बऱ्याच ठिकाणी पुसट. या विषयात टोपी गेली की अंदाजित किंमत आणि खरी किंमत एकच दिसायला लागते, मग रिसीव्हरचं प्रकरण वाचायचं कसं? नवव्या प्रकरणात आय पॅटर्नचं, म्हणजे सिग्नलचे तुकडे एकावर एक ठेवून दिसणाऱ्या डोळ्यासारख्या आकृतीचं, चित्र आहे. चार पातळ्यांच्या पीएएम सिग्नलला एकावर एक तीन डोळे दिसायला हवेत, त्यांच्या उघडझापीवरूनच तर इंटरसिम्बॉल इंटरफिअरन्स, म्हणजे लागोपाठच्या सिम्बॉलांची एकमेकांत होणारी सरमिसळ, समजून घ्यायचा असतो. माझ्या पानावर शाई पसरून तिन्ही डोळ्यांचा एक काळा डाग झाला होता.

कॉलेजच्या बाहेर झेरॉक्स मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. ते बरोबर की चूक हा वाद वेगळा, पण ती झेरॉक्स निदान स्वतःला झेरॉक्स म्हणवते.

आता आयएसबीएनबद्दल, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाबद्दल, कारण 'नंबर तपासून घ्यायचा ना' असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. तेरा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, ती १० ने भागली गेली की नंबर बरोबर. आपल्याच विषयातला एरर डिटेक्शनचा सोपा नमुना आहे हा. पण मागच्या कव्हरवरचा नंबर या परीक्षेत पास झाला, कारण तो खऱ्या पुस्तकावरून जसाच्या तसा उचललेला. चेक डिजिट टायपिंगची चूक पकडतो, चोर पकडत नाही. खरी गोम आत सापडते. शीर्षकपानाच्या मागे कॉपीराइटचं पान असतं, तिथला नंबर आणि कव्हरवरचा नंबर जुळवून बघा. माझ्या प्रतीत आतला नंबर दहाच अंकी होता. आयएसबीएन १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला आणि पाचवी आवृत्ती त्यानंतरची. तिच्यात नुसता दहा अंकी नंबर असेल कसा?

हे उघडकीला आलं तोवर परत करायची मुदत संपली होती. या लोकांचं गणित नेमकं यावरच बसलेलं असतं. क्रमिक पुस्तक कुणी आठवड्यात शेवटपर्यंत वाचत नाही. सेलरला फोन केला तर म्हणे, "मॅडम, कंटेंट सेमच आहे, परीक्षेला चालून जातं." दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. वेबसाइटच्या कस्टमर केअरने मुदतीकडे बोट दाखवून हात वर केले.

चॅटवर डोकं फोडण्यात अर्थ नव्हता, म्हणून तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर लेखी तक्रार टाकली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमणं वेबसाइटला बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. सोबत कव्हर, शीर्षकपान, कॉपीराइटचं पान आणि दोन्ही अनुक्रमणिका यांचे फोटो जोडले. 'क्वालिटी खराब आहे' असं लिहिलंत तर पुन्हा मुदतीचं तुणतुणं ऐकाल. मी लिहिलं की पाचवी आवृत्ती सांगून चौथीची बेकायदा प्रत विकली आहे, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ चा उल्लेख केला. त्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. वेबसाइटवाल्यांची भाषा लगेच बदलली आणि पैसे परत आले. 'प्रत परत पाठवा' म्हणाले, ती मात्र दिली नाही. पुन्हा नवं कव्हर चढवून दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारली असती.

बीईच्या मुलांना वेगळं सांगते. प्रोआकिस तुमच्यासाठी नाहीच, तो पदव्युत्तर पातळीचा आहे. वरच्या वर्गातली मुलं नाव घेतात म्हणून उगाच त्याच्या वाटेला जाऊ नका. सिग्नल्सचा पाया कच्चा असेल तर लाठी या लेखकाचं पुस्तक घ्या, ॲनालॉगपासून डिजिटलपर्यंत हात धरून नेतात. लिंक बजेट, म्हणजे प्रत्यक्ष सिस्टिमचा हिशोब, समजून घ्यायचा तर स्क्लारचं पुस्तक. हेकिन हा लेखकही चांगला आहे, पण तिथे नावांचा घोळ आहे: 'कम्युनिकेशन सिस्टिम्स', 'डिजिटल कम्युनिकेशन्स' आणि 'डिजिटल कम्युनिकेशन सिस्टिम्स' ही त्यांची तीन वेगळी पुस्तकं. मधलं १९८८ चं. सेलरला गोंधळ घालायला एवढं पुरतं, म्हणून सिलॅबसमध्ये छापलेलं पूर्ण नाव अक्षरन् अक्षर जुळवा. आणि पैसेच नसतील तर नकली प्रतीच्या फंदात पडण्यापेक्षा एनपीटीईएलचे (आयआयटी वगैरे संस्थांचे ऑनलाइन) कोर्स बघा. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर तिथल्या प्राध्यापक गॅलेजरची या विषयावरची व्याख्यानं फुकट आहेत. जुनी पुस्तकं घेण्यातही काही गैर नाही. अप्पा बळवंत चौकात किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलला उभ्या उभ्या पानं चाळून घेता येतात, कुरिअरच्या प्लॅस्टिकमधून ते जमत नाही.

पाचव्या आवृत्तीचा प्रोआकिस नुकताच ऑनलाइन घेतला असेल तर आत्ताच पंधरावं प्रकरण उघडा. तिथे 'मल्टियुजर कम्युनिकेशन्स' दिसलं तर पानांचे फोटो काढा आणि परतीची मुदत उरली असेल तर आजच रिटर्न टाका. कारणाच्या रकान्यात 'आवडलं नाही' निवडू नका, 'नकली वस्तू' निवडा.