ड्रिफ्ट फसला, चाक आदळलं: भाग सरळ करावा, बदलावा की वापरलेला बसवावा?

ड्रिफ्ट करताना, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळवताना, मागचं चाक घसरत जाऊन फुटपाथच्या कडेला आडवं आदळलं. वरून पाहिलं तर रिमवर फक्त एक ओरखडा. पण आता गाडी सरळ धरायची तर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं, आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. गॅरेजमध्ये गेलात की सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून टाका. दुसरा म्हणतो आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, प्रेसवर सरळ करून देतो. तिसरा भंगारातल्या गाडीचा सस्पेन्शनचा पूर्ण संच आणायला सांगतो.

निवड करण्याआधी एक गोष्ट नक्की करा: धक्का कुठे जाऊन थांबला? सस्पेन्शन मुख्यतः खड्ड्याचा, म्हणजे खालून वर येणारा मार झेलायला बनवलेलं असतं. ड्रिफ्टमधला मार बाजूने येतो. तो टायर आणि रिममधून बेअरिंगमध्ये, तिथून नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं तो जाड भाग), मग आर्म, बुश (आर्मच्या टोकातलं रबर) आणि शेवटी सबफ्रेममध्ये (आर्म ज्यावर बसतात तो सांगाडा) शिरतो. वाटेत जो भाग सगळ्यात कमजोर तो आधी वाकतो, पण बाकीचे वाचलेच असं नाही. आणि गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलूनच न्या. तडा गेलेला बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि नकल जोडणारा गोळ्याचा सांधा, वळणावर निसटला तर चाक आडवं पडतं, आणि तेव्हा रस्त्यावर तुम्ही एकटे नसता.

फक्त अलाइनमेंट की आधी मोजमाप?

हा फरक कळला की निम्मा निर्णय झाला. अलाइनमेंटचं मशीन दोन कामं करतं: कोन मोजतं आणि कोन जुळवायला मदत करतं. तुम्हाला आज फक्त पहिलं काम हवं आहे. काहीही न फिरवता आधीचा रिपोर्ट छापून घ्या.

पुढच्या चाकाला मार असेल तर त्या रिपोर्टमध्ये कॅम्बरसोबत (चाकाचा आत-बाहेर कल; वरचं टोक आत झुकलं तर उणे) एसएआय, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा आतल्या बाजूचा कल, मागून घ्या. या दोन्हींची बेरीज करा. समजा चांगल्या बाजूला कॅम्बर उणे 1 अंश आणि एसएआय 13 अंश आहे, बेरीज 12. मार बसलेल्या बाजूला कॅम्बर अधिक 1 आणि एसएआय 11 आला, तर बेरीज तीच, 12. म्हणजे नकल आणि स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) शाबूत आहेत, पण ते ज्यावर टेकलेत ती जागा सरकली आहे: लोअर (खालचा) आर्म वाकला असेल, सबफ्रेम सरकली असेल किंवा वरचा टॉवर, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक जिथे बसतं ती बॉडीची जागा, हलला असेल. उलट कॅम्बर अधिक 1 आणि एसएआय 13च राहिला, तर बेरीज 14 होते. मग दोष नकलमध्ये किंवा स्ट्रटमध्ये आहे. ही बेरीज न करता भाग मागवणाऱ्यांनी चांगला आर्म काढून नवा बसवलेला आणि गाडी तशीच वाकडी राहिलेली मी पाहिली आहे. फार वाईट वाटतं, कारण ती बेरीज करायला दोन मिनिटं लागतात.

मागच्या चाकाला ही बेरीज लागू होत नाही. तिथे दोन्ही बाजूंचा टो (वरून पाहता चाक किती आत किंवा बाहेर वळलं आहे), कॅम्बर आणि थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरकी ढकलतात) बघा. गाडी तिरकी चालते ती थ्रस्ट अँगलमुळेच. टो हलक्यात घेऊ नका: एखादं चाक 1 अंशाने जरी तिरकं असलं, तरी ते दर किलोमीटरला जवळजवळ 17 मीटर आडवं घासलं जातं. टायर संपायला वेळ लागत नाही.

आकडे मर्यादेबाहेर असतील आणि कोणी म्हणालं, "कॅम्बर बोल्ट टाकून ओढून घेतो", तर थांबवा. त्याने रिपोर्टवर 'ठीक आहे'चा हिरवा रंग येतो, वाकलेलं लोखंड आत तसंच राहतं.

सरळ करणं की बदलणं?

इथे माझं मत स्पष्ट आहे. आर्म, टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा), नकल, स्ट्रट यांपैकी काहीही तापवून किंवा प्रेसवर सरळ करून घेऊ नका. एकदा वाकलेला भाग पुन्हा सरळ दिसतो, पण त्याची ताकद परत येत नाही. तापवलं तर पोलादाचा मूळ गुणधर्मच बदलतो. ॲल्युमिनियमचा आर्म सरळ करताना बारीक तडा जाऊ शकतो, डोळ्याला न दिसणारा. पत्र्याच्या आर्मला सुरकुती पडली किंवा रंग तडकला असेल तर तो वाकलाच समजा.

सबफ्रेमची गोष्ट थोडी वेगळी. पुष्कळदा ती वाकलेली नसते, बोल्टच्या भोकांतल्या सैलपणाइतकी सरकलेली असते. अशी सबफ्रेम ढिली करून मूळ जागेवर बसवता येते, आणि मग कोन आपोआप जागेवर येतात. म्हणून सबफ्रेम बदलण्याआधी हे करून बघा. वाकलीच असेल तर मात्र बदला. मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा भाग, असेल तर तो एकसंध असतो, वाकला की अख्खा बदलावा लागतो.

मूळ कंपनीचा नवा, दुसऱ्या कंपनीचा, की वापरलेला?

नकल आणि सबफ्रेम वापरलेली घेतली तरी चालते, कारण त्यात झिजणारं काही नसतं. अट एकच: ज्या गाडीतून काढली तिला त्या कोपऱ्यावर मार नसावा. नकलमधलं बेअरिंग मात्र नवंच घ्या. आदळल्यावर बेअरिंगच्या आतल्या वाटेवर बारीक खळगे पडतात. घरघर काही दिवसांनी सुरू होते आणि वळणावर वजन त्या बाजूला गेलं की वाढते.

टाय रॉड, बॉल जॉइंट, बुश, शॉकअप हे वापरलेले घेणं म्हणजे दुसऱ्याची झीज विकत घेणं. हे नवे घ्या. दुसऱ्या नामांकित कंपनीचा आर्म बहुधा ठीक असतो, फक्त बॉल जॉइंट आणि बुश घट्ट आहेत का ते हाताने तपासा. शॉकअप एका ॲक्सलवरचे दोन्ही एकत्र बदला. टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. त्यावर दुरुस्ती नाही.

आता ॲडजस्टेबल, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारा, आर्म टाकू का?

हा मोह इथेच होतो, मला समजतो. ट्रॅकवर नियमित जाणार असाल तर त्याला अर्थ आहे. रोजच्या रस्त्यावर मात्र रबर बुशच्या जागी आलेले धातूचे जॉइंट आवाज करतात, पाणी-धुळीने लवकर सैल होतात आणि पुढे कधी बसणारा मार थेट सबफ्रेमकडे पोचवतात. मूळ रबर बुश शांतपणे बरंच गिळतं.

घरी की गॅरेजमध्ये?

टाय रॉड एंड घरी बदलता येतो. स्प्रिंग दाबून स्ट्रट उघडणं नाही. स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. आर्म स्वतः बसवत असाल तर बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना शेवटपर्यंत आवळू नका. चाकांवर वजन आल्यावर, नेहमीच्या उंचीवर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळता येणारा पाना) आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लॉक नट आणि एकदाच वापरायचे बोल्ट नवे घ्या.

शेवटी अलाइनमेंट, आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या. नंतरचा रिपोर्ट पहिल्या रिपोर्टशेजारी ठेवून बघा: दोन्ही बाजूंचे कोन आता जुळायला हवेत, पुढच्या चाकांची बेरीजही. नाही जुळले, तर वाकलेलं काहीतरी अजून गाडीतच आहे.