लिब्रेऑफिस रायटर आणि त्याचं गाइड: आठ महिने वापरल्यावर

आमच्या इंदूरच्या मंडळाची स्मरणिका यंदा माझ्या गळ्यात पडली. 120 पानं, त्यात तीसेक जाहिराती. प्रेसवाल्याला पीडीएफ हवी, मंडळाकडे पैसे नाहीत, म्हणून लिब्रेऑफिस रायटर, म्हणजे वर्डसारखं लिखाणाचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि 2010 साली ओपनऑफिस नावाच्या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं निघालं, एवढंच मला ठाऊक होतं.

पहिला महिना व्हिडिओ बघण्यात गेला. एका जाहिरातीवरचा पानाचा नंबर पुसला, तर अख्ख्या अंकाचे नंबर उडाले. पुन्हा घातले, तर जाहिरातीवरही हजर! पुतण्या म्हणाला, "काका, वरून पांढरा चौकोन ठेवून द्या ना." ठेवलाही, आता काय लपवायचं.

शेवटी लिब्रेऑफिस बनवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनच्या साइटवरून रायटर गाइड, म्हणजे त्याचं माहितीपुस्तक, उतरवलं. चारशेहून जास्त पानं, तीही इंग्रजीत. स्टाइल्सचं (म्हणजे मांडणीच्या ठरवून ठेवलेल्या साच्यांचं) आठवं प्रकरण तेवढं रामबागेत प्रिंट करून घेतलं आणि पेन घेऊन बसलो. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: फूटर, म्हणजे नंबर असलेली पानाच्या तळाची पट्टी, त्या एका पानाचा नसतोच, पेज स्टाइलचा म्हणजे पानाच्या साच्याचा असतो. त्या स्टाइलची जितकी पानं, तितक्यांवर तो दिसणार. मग 'जाहिरात' नावाची स्टाइल केली, तिचा फूटर बंद ठेवला, मॅन्युअल ब्रेक (म्हणजे आपण हातानं पान तोडून नवं सुरू करणं) देताना ती निवडली आणि पुढच्या पानाला परत मूळची. दहा मिनिटांचं काम. चौकोन गेला.

फॉन्टनं मात्र दोन संध्याकाळी खाल्ल्या. स्टाइलमध्ये 'मुक्ता' निवडला तरी मराठी मजकूर ढिम्म. देवनागरीचा फॉन्ट 'सीटीएल'च्या (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या) खात्यात वेगळा द्यावा लागतो. मी तो रोमन अक्षरांच्या खात्यात देत होतो. गाइडमध्ये हे आहे, पण 'सीटीएल' हा शब्दच माहीत नसेल तर शोधणार काय? आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांसाठी ही गोष्ट पहिल्या पानावर हवी होती, असं माझं ठाम मत. आणि गाइड आपल्या आवृत्तीचंच उतरवा; मी आधी जुनं घेतलं होतं, मेनू जुळेनात.

आता एफ अकरा दाबून स्टाइल्सची यादी उघडायची सवय हाताला लागली आहे. आठव्या प्रकरणाचे ते कागद मंडळात फिरतात. परवा परत आले तेव्हा त्यांवर पोह्यांच्या तेलाचे डाग होते आणि मॅन्युअल ब्रेकपाशी कुणीतरी लाल पेनानं लिहिलं होतं, "हेच!"