स्पेशल एलिट फॉन्ट : इंग्रजीला झकास, मराठीला कुलूप

टायपिंग क्लास चालवलेल्या बाईला टाइपरायटरसारखा दिसणारा फॉन्ट दाखवू नये. ती आधी चुका शोधते. तीस-चाळीसच्या स्पीडला मुलं बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मशिनं गेली, क्लासचं डीटीपी सेंटर झालं, आणि आता नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ पत्रिका, मेनूकार्डं, बेदाण्याच्या पाकिटांची लेबलं करते. ‘जुन्या टाइपरायटरसारखं करून द्या’ हे गंगापूर रोडच्या कॅफेवाल्यांचं आवडतं वाक्य आहे, आणि तेव्हा मी स्पेशल एलिट उघडते.

गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो. लायसन्स अपाचेचं, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या कामाला बिनघोर वापरता येतो. ॲस्टिग्मॅटिक या फाउंड्रीने, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीने, स्मिथ-कोरोना आणि रेमिंग्टन नॉइजलेस मशिनांच्या अक्षरांवरून तो बेतला आहे. शाई बरोबर पकडली आहे, हे कबूल. नवी रिबन चढवल्यावर पहिल्या पानावर अक्षरं जशी किंचित फुगतात, कडा फुटतात, तशीच इथे दिसतात. आमच्याकडे दर शनिवारी टाचणी आणि स्पिरिट घेऊन ‘ई’ आणि ‘ओ’च्या पोटातला मळ काढायचा कार्यक्रम असे. तो मळ या फॉन्टला अंगचाच आहे.

पण ‘कमिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून बघा. दोन ‘एम’, दोन ‘टी’, दोन ‘ई’ शेजारी शेजारी येतात आणि जोडीतलं प्रत्येक अक्षर दुसऱ्याची हुबेहूब नक्कल. डाग तोच, त्याच जागी. मशिनवर असं होत नाही. ‘ए’ डाव्या करंगळीने मारायचा, त्यामुळे शिकाऊ पोरांच्या कागदावर सगळे ‘ए’ फिके. नुसता कागद बघून करंगळी कोणाची आळशी आहे ते मी सांगायचे. या फॉन्टला करंगळीच नाही. एरिक व्हान ब्लोकलंडच्या ट्रिक्सी या फॉन्टच्या एचडी आवृत्तीत एकेका अक्षराची अनेक रूपं आलटूनपालटून येतात, पण त्याला पैसे मोजावे लागतात आणि आमचं गिऱ्हाईक फॉन्टसाठी पैसे देत नाही.

म्हणून स्पेशल एलिट चार ओळींपुरता ठेवा. एका वकील जोडप्याने कोर्टाच्या नोटिशीसारखी लग्नपत्रिका मागितली होती. वर ‘इन द मॅटर ऑफ’, खाली दोन्ही पक्षकारांची नावं. खाकी कागदावर चौदा पॉइंटात अशी उतरली की सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टाबाहेरूनच टाइप करून आणली वाटावी. तोच फॉन्ट मेनूकार्डाच्या बारीक मजकुराला लावला की आठ पॉइंटात कडा गिचमिड होतात आणि किमती वाचताना चष्मा पुसावा लागतो. बोल्ड त्यात नाहीच. सॉफ्टवेअरमधलं ‘बी’ दाबून खोटा बोल्ड केलात, तर अक्षरांची पोटं बुजतात. विनाइलच्या स्टिकर कटिंगला तर अजिबात देऊ नका. कडेच्या रेषेवर इतके बिंदू आहेत की कापणारा प्लॉटर कुरतडत बसतो आणि सोलताना अक्षर फाटतं.

लांब मजकुराला मी कुरियर प्राइम हा फॉन्ट घेते. मूळ कुरियर आयबीएमसाठी हॉवर्ड केटलरने 1950च्या दशकात काढला. बारा पॉइंटात इंचाला दहा अक्षरं, म्हणजे आपला पायका, मशिनचं मोठं अक्षर. दहा पॉइंटात बारा, म्हणजे एलिट, बारीक अक्षर. विंडोजमधला कुरियर न्यू लेझर प्रिंटवर उपाशी दिसतो, कारण रिबनच्या शाईने अक्षर जाड होणार हा हिशोब मशिनवर होता, प्रिंटरवर नाही. 2013च्या कुरियर प्राइममध्ये अंगावर मांस आहे आणि खरा बोल्डही आहे. अमेरिकन टाइपरायटर हा फॉन्ट मला सुबक वाटतो, पण त्यात ‘आय’ आणि ‘एम’ला वेगवेगळी जागा, मशिनवर सगळ्यांना सारखीच. 1974 सालचा तो छपाईचा टाइप, मशिनचा नव्हे.

मराठीचं काय? स्पेशल एलिटमध्ये देवनागरी नाही. मराठी शब्द टाकला की कॉम्प्युटर गुपचूप मंगल नाहीतर निर्मला हा देवनागरी फॉन्ट लावून देतो, आणि पत्रिकेवर एका ओळीत दोन घरची अक्षरं नांदतात. मराठी मशिनची खूण नुसत्या डागात नसते. अर्धं अक्षर मारून काना जोडायचा, मात्रेची कळ मारली तरी कॅरेज पुढे सरकायची नाही, शिरोरेषा सांध्यासांध्यावर तुटायची. जोडाक्षरं जमेल तशी, हलन्त लावून. असल्या तुटक्या शिरोरेषेवर नजर ठेवून कुणी फॉन्ट काढला तर पहिलं गिऱ्हाईक मी.

तोवर माझा उपाय जुनाच. घरी गोदरेजचं मराठी मशिन आहे (भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर याच कंपनीने 1955 साली बनवला). त्यावर मजकूर टाइप करते, सहाशे डीपीआयवर स्कॅन करते, काळा-पांढरा करून पत्रिकेत बसवते. याचे पैसे वेगळे घेते. रिबन मिळवणं हा वेगळा उद्योग आहे. काही जण म्हणतात, मुद्दाम एखादं अक्षर चुकवा ना मॅडम, त्यावर एक्स मारा, ओरिजिनल वाटेल. तेवढं करत नाही. हवं असेल तर आमच्या क्लासच्या कुठल्याही जुन्या विद्यार्थ्याला बसवून देते, चुका फुकट मिळतील.