परसातलं शेडनेट आणि काकडी : संक्रांत ते दिवाळी वापरल्यानंतर

भुसावळला घरामागच्या मोकळ्या जागेत काकडीसाठी काहीतरी आडोसा करायचा म्हणून चौकशी केली, तेव्हा बहुतेकांनी प्लास्टिकच्या कागदाचं पॉलीहाऊस सुचवलं. आता माझं मत पक्कं झालंय : खानदेशात घरच्या काकडीला ते नको. तो कागद ऊब कोंडून ठेवतो. थंड मुलखात तेच हवं असतं. आपल्याकडे मार्च लागला की ऊब बाहेर कशी जाईल, ही काळजी. मी घेतलं ते असं : ५० टक्के सावलीची हिरवी नेट, जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी (जीआय) पाइपचा सांगाडा, गुंडाळून वर बांधता येतील अशा बाजू, खाली वेल लावायला मातीच्या पिशव्या (ग्रो बॅग) आणि ठिबक. संक्रांतीनंतर उभं केलं, आता दिवाळी झाली.

नेटखाली हवा गार होते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दुपारी आत-बाहेर थर्मामीटर टांगून पाहिला, फरक किरकोळ. खरा फरक पानांवर दिसतो. एप्रिलमध्ये बाहेरच्या वेलाची पानं सकाळी दहालाच माना टाकायची, संध्याकाळपर्यंत कडा करपलेल्या. आतली दुपारी थोडी मलूल व्हायची, पण ऊन कललं की पुन्हा ताठ. शिवाय बॅगेतली माती लवकर वाळत नाही. ज्यांच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यांच्यासाठी एवढ्या एका गोष्टीनेसुद्धा पैसे वसूल आहेत.

पाण्याचा आणि चवीचा थेट संबंध आहे. सासूबाईंचं एक वाक्य, "पाणी तुटलं का काकडी कडू व्हते." ते शंभर टक्के खरं. उष्णता आणि पाण्याचा ताण एकत्र आले की वेलातलं कुकुरबिटॅसिन नावाचं कडू द्रव्य फळात जास्त उतरतं, तेही देठाकडे आणि सालीखाली. म्हणून उन्हाळ्यात ठिबक सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं चालवते. एकदम भरपूर पाणी देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, ड्रीपरच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, तोंडाशी पांढरा थर बसतो. नळ्यांची टोकं उघडून पाणी जोरात सोडणं आणि तुंबलेले ड्रीपर काढून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवणं, हे काम दर महिन्याचं धरून चाला.

बियाणं निवडताना मात्र थांबून विचार करा, कारण नेटचा उपयोग त्यावर ठरतो. मी दोन प्रकार लावले : राहुरी कृषी विद्यापीठाचं हिमांगी हे वाण आणि परागीकरणाशिवाय फळ धरणारं संकरित बी. काकडीला आधी नर फुलं येतात, मागून मादी, आणि हिमांगीसारख्या साध्या वाणाला मधमाशी लागतेच. उष्णता फार वाढली की नर फुलंच जास्त निघतात आणि परागही नीट काम करत नाहीत. मे महिन्यात आमच्या हिमांगीच्या कळ्या पिवळ्या पडून गळत होत्या, तेव्हा शेजारच्या बॅगेतलं संकरित वेल फळं देत होतं. पण चवीत हिमांगीच पुढे. पांढुरकी, कोवळी, कोशिंबिरीला पाणीदार. दोन्ही जवळजवळ लावू नका. पावसाळ्यात मधमाश्या वाढल्या आणि संकरित फळं एका टोकाला फुगून आत बिया धरू लागली. पराग मिळाला की या वाणांचं असं होतं.

वेल सुतळीवर सरळ चढवला. खालच्या पाच-सहा पेरांवरचे फुटवे आणि फुलं काढली. वेल आधी जोम धरतो, मग फळं सरळ आणि सारखी येतात.

पावसाळ्यात छताची नेट काढाच, हा माझा सगळ्यात ठाम सल्ला. आषाढ-श्रावणात ढगांमुळे मुळातच उजेड कमी, वर सावली ठेवली की वेल नुसता लांबतो आणि ओलावा साचून रोग येतो. आमच्याकडे केवडा रोग आला : पानाच्या शिरांमध्ये कोनाकोनाचे पिवळे डाग, खाली करडी बुरशी. नेट गुंडाळली, खालची पानं काढून टाकली, वारा खेळू लागला, तेव्हा श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या सुमारास वेल सावरला. फळाला डंख मारणाऱ्या फळमाशीसाठी क्यू ल्युरचा (माशीला ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा टांगा, अगदी एक-दोन वेल असले तरी. त्यात नर माश्या अडकतात. डंख लागलेली फळं मात्र रोज उचलून नष्ट करावी लागतात.

सांगाड्याबद्दल तक्रार आहे. बसवणाऱ्याने पाइप नुसते काळ्या मातीत ठोकून दिले. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. जुलैपर्यंत दोन खांब कलले. त्याआधी जूनच्या वादळात, रावेर-यावलकडे केळी आडव्या पाडणारा तोच वारा, नेट एका बाजूने क्लिपांतून सुटली होती. चारही कोपऱ्यांना सिमेंटचा पाया मागून घ्या आणि वादळाचं चिन्ह दिसताच बाजू वर बांधा. नेटचं कापड मात्र अजून धड आहे, कुठे विरलेलं नाही.

आता थंडीत बी उगवायला रेंगाळतं, म्हणून बॅगा रिकाम्या करून माती ऊन खात ठेवली आहे. पुढची लावण जानेवारीच्या शेवटी, म्हणजे आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) तोडणी चालेल. या वेळी संकरित बी जास्त आणि हिमांगीचे दोनच वेल, तेही अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.