नऊ महिने घरचं जेवण: काळूला मानवलं, सोनीला नाही

आम्ही परभणीचे. घरात काळू हा अठरा किलोचा गावठी कुत्रा आणि सोनी ही साडेतीन किलोची मांजर. मागच्या दिवाळीनंतर दोघांच्या तयार खाण्याचा खर्च महिन्याला २,७०० रुपयांवर गेला. मग दोघांसाठीही घरीच शिजवायचं ठरवलं.

सुरुवातच चुकली. शिळी भाकरी, वर दूध आणि रविवारी मटणाच्या रश्श्याचं उरलंसुरलं. आठव्या दिवशी काळूला जुलाब लागले, सलाईन लावावं लागलं, ९०० रुपये गेले. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दूध पुष्कळदा पचत नाही. रश्श्यातला कांदा-लसूण तर विषच. शिजवला तरी कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. येसर आमटीत कुस्करलेली भाकरीही म्हणून कायमची बंद केली.

त्यानंतर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दोघांना नेलं आणि काळूच्या वजनावर माप ठरवून घेतलं. दिवसाला दीडशे ग्रॅम ज्वारीच्या कण्या, कुकरमध्ये अगदी मऊ शिजवलेल्या. पावणेदोनशे ग्रॅम बिनहाडाचं कोंबडीचं मांस आणि पोटा. सोबत भोपळा किंवा गाजर, चमचाभर तेल, एक दिवसाआड अंडं. कलेजी आठवड्यातून दोनदाच आणि थोडीच, कारण तिच्यातलं अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं. मीठ-मसाला काही नाही. शिजलेलं हाड कधीच द्यायचं नाही, त्याच्या धारदार चिरफळ्या होतात आणि आतड्यात रुततात.

सगळ्यात मोठा धडा कॅल्शियमचा. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, त्यामुळे नुसतं मांस-धान्य महिनोन्महिने घातलं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. अंड्याची टरफलं धुऊन, तव्यावर कडक वाळवून मिक्सरला अगदी बारीक करते. काळूला रोज अर्धा चहाचा चमचा पुरतो. जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व यांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर वेगळी, महिन्याला दीडशे रुपयांची. ही पावडर वगळून केलेली बचत मी बचत धरत नाही.

हिशेब सांगते. काळूचं तयार खाणं २,१०० रुपयांना पडायचं. आता गॅस आणि पावडर धरून साधारण १,३५० लागतात. महिन्याला साडेसातशे वाचले. पहिल्या चुकीचे ९०० वजा जाता नऊ महिन्यांत ५,८५० रुपये. त्याच्या अंगावर तकाकी आली, शी बांधून होते, ताट चाटूनपुसून लख्ख करतो.

सोनीचं मात्र तसं झालं नाही. मांजर मुळात मांसावर जगणारा प्राणी. मांसात असणारं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य तिला खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. हृदयाचा संबंध तर १९८७ साली संशोधनातून पुढे आला. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरतं, आणि मी ते पाणी ओतून देत होते! कण्यांना ती तोंड लावत नव्हती. दोन महिन्यांत तिचे केस राठ झाले, वजन तीनशे ग्रॅमने उतरलं. बचत किती, तर महिन्याला जेमतेम दीडशे रुपये. तिला परत तयार खाण्यावर आणलं. सोबत खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे पाण्यासकट देते. आता ती ठीक आहे, पण ते दोन महिने अजून मनाला लागतात.

त्रास उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे, त्यात लाईट गेली की तीन दिवसांचं शिजवलेलं आंबतं. त्या दोन महिन्यांत रोज सकाळी ताजंच करावं लागलं, पाऊण तास त्यातच जायचा. ज्यांना सकाळी लवकर कामावर जायचं असतं, त्यांना हे जमणं कठीण.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, कुत्र्याला काट्यावर तोलून खाऊ घालायलीस काय?" हो, तोलूनच घालते. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊ काळूला मोंढ्यातल्या आडतीच्या काट्यावर उभा करतो. या महिन्यात अठरा किलो दोनशे ग्रॅम भरला.